आवाज पोचेपर्यंत

शैला गेल्याचं कळलं तेव्हा मी नववीच्या वर्गावर होते. चाचणी परीक्षा चालू होती, मुलं माना खाली घालून लिहीत होती... फोन पर्समध्ये, आवाज बंद करून ठेवलेला. शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि त्याने मला बाहेर बोलावलं. त्याचा चेहरा बघून वाटलं, आपल्या घरचंच काहीतरी असणार. बाहेर गेले तर तो हळू आवाजात म्हणाला, "निकम बाई गेल्या, मॅडम. ऑफिसात फोन आलाय." मी "बरं" म्हणाले. खरंच, तेवढंच म्हणाले, आणि परत वर्गात येऊन खुर्चीत बसले. एका मुलीने पुरवणी मागितली, ती दिली, तिच्यावर सही केली. एक मुलगा शेजाऱ्याच्या पेपरात डोकावत होता, त्याच्यावर डोळे वटारले. पेपर संपेपर्यंत मला काहीही झालं नाही. मग घंटा झाली, गठ्ठा बांधला, आणि स्टाफरूममध्ये तो टेबलावर ठेवताना दोऱ्याची गाठ सुटून सगळे पेपर खाली पसरले, आणि ते गोळा करता करता मी तिथेच फरशीवर बसून रडायला लागले. कानाने ऐकलेली गोष्ट आत पोचायला एवढा वेळ लागला होता. या मधल्या वेळाबद्दल शैला माझ्याशी पुष्कळदा बोलली होती. खरं तर तिची नंतरची सगळी वर्षं त्या मधल्या वेळातच गेली, असं आता मला वाटतं.

शैला निकम बोईसरला आमच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायची. मूळची साताऱ्याकडची. तिच्या नवऱ्याला, आमच्या भाऊजींना, तारापूरच्या वीजकेंद्रात नोकरी लागली, म्हणून लग्नानंतर ती इकडे आली आणि इकडचीच झाली. मी माहीमची, मुंबईच्या नव्हे, इथल्या पालघरजवळच्या, कोळीवाड्यात वाढलेली, लग्न करून पालघरला आलेली आणि शाळेत मराठी शिकवणारी. आमची ओळख झाली तीही गमतीने. रुजू होऊन तिला आठवडाच झाला असेल. डबा खाताना तिने मला विचारलं, "तुमच्या माहीमला आज भरती किती वाजता आहे हो?" मी म्हटलं, "मला काय माहीत? मी मराठी शिकवते." ती जोरात हसली. पण पुढच्याच सोमवारी तिने समुद्राकाठून येणाऱ्या मुलांना कामाला लावलं. रोज पाणी कधी चढलं ते बघायचं आणि वर्गात येऊन फळ्यावर लिहायचं. बाकीच्यांनी त्याचा आलेख काढायचा. पंधरवडाभरात भरती रोज थोडीथोडी पुढे सरकते हे मुलांनीच शोधून काढलं आणि मग "बाई, का सरकते?" म्हणून तिच्या मागे लागली. तिला नेमकं तेच हवं होतं. चंद्राचा धडा पुस्तकात बराच पुढे होता, तिने तो तिथेच काढला. धड्यांचा क्रम तिने कधी पाळला नाही. मुलांना प्रश्न पडला की त्याचा धडा, असा तिचा क्रम.

आमच्या शाळेत सगळ्या तऱ्हेची मुलं. कारखान्यांत कामाला आलेल्यांची, वीजकेंद्रातल्या लोकांची, कोळीवाड्यांतली, आतल्या पाड्यांवरची. कोणाची मराठी एका वळणाची, कोणाची दुसऱ्या, काहींच्या घरी हिंदीच. भूमितीच्या तासाला ही सगळी सारखीच गप्प असायची. शैलाने एक दिवस त्यांना मैदानात नेलं. लांब एका कारखान्याची चिमणी दिसायची. तिने एक काठी जमिनीत रोवली आणि काठीची सावली मोजायला लावली. मग शाळेची सावली, मग झेंड्याच्या खांबाची, आणि सावलीवरून उंची कशी काढायची ते दाखवलं. पुढच्या रविवारी दहा-बारा मुलं आपणहून त्या चिमणीच्या सावलीच्या टोकापर्यंत जाऊन सुतळीने ती मोजून आली. सोमवारी सकाळी एक मुलगा, ज्याने तोवर वर्गात तोंड उघडलं नव्हतं, धावत स्टाफरूममध्ये आला आणि ओरडला, "मैडम, बिना चढ़े नाप ली! पूरी चिमनी नाप ली!" मुख्याध्यापकांनी तिला बोलावून विचारलं, "बाई, मुलं उन्हात काय करत होती?" ती म्हणाली, "त्रिकोण करत होती, सर." मुख्याध्यापकांनाही हसू आलं. मला ती म्हणायची, "गणित अवघड नाही गं, हेमा. मुलांपासून लांब नेऊन ठेवलंय, एवढंच. ते उचलून त्यांच्या अंगणात आणून टाकायचं... बाकी मुलं बघतात."

आणि तिने ते आणून टाकलंही. अगदी अंगणात. त्याचं पुढे काय झालं ते मला सांगायचं आहे, कारण शैलाने ते माझ्याशिवाय कोणाला सांगितलं नाही आणि शोकसभेतही कोणी बोललं नाही.

नववीला ध्वनीचा धडा असतो. प्रकाश आधी पोचतो, आवाज मागून येतो, हे त्यात वाक्यात लिहिलेलं असतं. मुलं ते पाठ करतात आणि मार्क मिळवतात. शैलाने घरून स्टीलची परात आणली होती. शाळेमागचं मोकळं मैदान तेव्हा पार रस्त्यापर्यंत पसरलेलं होतं. मुलांना तिने एका टोकाला उभं केलं आणि स्वतः परात घेऊन चालत चालत इतकी लांब गेली की तिची साडी नुसती निळी खूण दिसायला लागली. मीही मोकळ्या तासाला तमाशा बघायला गेले होते. तिने हात उंच केला, लाटणं परातीवर हाणलं... आणि आवाज आला नाही. मग आला. जरासाच मागून, पण मागून. मुलांच्या घोळक्यातून "अय्या!" असा एक सूर निघाला, आणि मी, चाळिशीची बाई, मीही तोंडावर हात धरला. मला हे ठाऊक होतं, पण मी ते कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी तिने मुलांना घरचा अभ्यास दिला. लग्नातले फटाके असोत, खाणीतला सुरुंग असो, वीज असो. उजेड दिसला की मोजायला सुरुवात करायची, आवाज आला की थांबायचं. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर धरायचा. "घरात बसून अंतर काढायचं. पाय न हलवता!" असं ती म्हणाली, आणि मुलं खुळावली.

सगळ्यात जास्त खुळावली ती अश्विनी. कुंभवलीला, औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या एका चाळीत राहायची. वडील खानदेशातून येऊन एका रासायनिक कारखान्यात ऑपरेटर झालेले, आई घरीच शिवणकाम करायची, एक धाकटा भाऊ. मुलगी तशी अबोल, पण डोळे सतत काहीतरी टिपणारे. संध्याकाळी चाळीच्या गच्चीवर जाऊन बसायची आणि कुठे फटाके उडतात का याची वाट बघायची. सकाळी शैलाला गाठून सांगायची, "बाई, काल वरात होती ना, ती स्टेशनच्या पलीकडे होती. मी काढलं." शैला कौतुकाने मला म्हणायची, "या पोरीचं पुढे काहीतरी होणार बघ." तिने अश्विनीला नकाशावरून अंतर कसं काढायचं तेही शिकवलं, म्हणजे मोजलेलं उत्तर पडताळून बघता येईल. पोरीने मग आपल्या गच्चीपासून सगळ्याची अंतरं काढून, ती किती सेकंदांची ते लिहून ठेवलं. शाळा, स्टेशन, बाजार, आणि पप्पांची कंपनी.

स्फोट झाला तो संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला. पालघरला आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरली. शेजारच्या काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "गेलं काहीतरी बोईसरला." इकडे राहणाऱ्या सगळ्यांना तो आवाज ओळखीचा असतो. आवाज ऐकला की माणसं आधी फोनला हात घालतात. मी शैलाला फोन लावला, ती बरी होती. "कुठे झालंय कळत नाही," ती म्हणाली, "आमची कपाटं हलली." दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. गेलेल्यांत अश्विनीचे वडील होते.

दोन-तीन दिवसांनी शैला आणि मी रिक्षाने कुंभवलीला गेलो. चाळीत माणसं होती, नातेवाईक गावाहून आले होते. अश्विनीची आई भिंतीला टेकून बसली होती, तिला आम्ही आल्याचं कळलंही नसावं. अश्विनी बाहेर गच्चीच्या पायऱ्यांवर बसली होती. शैला तिच्याजवळ गेली, शेजारी बसली, पाठीवर हात ठेवला. मी बाजूलाच उभी होते. पोरगी समोर बघत म्हणाली, "बाई, सात."

शैलाला कळलं नाही. "काय गं?" तिने विचारलं.

"सात आले. मी गच्चीवरच होते. तिकडे उजेड झाला, एकदम मोठा. मला वाटलं, फटाके. मी मोजायला लागले. सातला आवाज आला." ती थांबली. "पप्पांची कंपनी सातच आहे, बाई. मी आधी काढून ठेवलं होतं ना... उत्तर बरोबर आलं म्हणून मी खूश झाले. उद्या बाईंना सांगायचं, असं पण मनात आलं. मग मला कळलं काय बरोबर आलंय ते."

शैलाचा हात तिच्या पाठीवरच होता, पण तो आता कुणा दुसऱ्याचाच हात असल्यासारखा दिसत होता. अश्विनीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "उजेड दिसला तेव्हाच ते गेले होते ना, बाई? म्हणजे मी मोजत होते तेव्हा ते नव्हते?"

शैलाने पोरीचं डोकं कुशीत ओढून घेतलं आणि नुसती बसून राहिली. येताना नाक्यावर रिक्षातून उतरल्यावर, पदर सावरत, ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हेमा, तिला हे मी शिकवलं."

मी म्हटलं, "तू काय केलंस त्यात? तू शिकवलं नसतंस तरी झालं तेच झालं असतं."

"झालं तेच झालं असतं," ती म्हणाली. "पण ती मोजत नसती."

यानंतर शैला बदलली. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई सुधारल्या. ती पुस्तक उघडायची, धडा वाचून दाखवायची, फळ्यावर उदाहरणं सोडवायची, मुलं उतरवून घ्यायची. परात घरी गेली, काठ्या गेल्या, मैदानावर जाणं बंद झालं. त्या वर्षी निकालही बरा लागला. मुख्याध्यापक स्टाफ मीटिंगमध्ये म्हणाले, "निकम बाईंच्या वर्गाला आता शिस्त आली आहे." शैला मान खाली घालून टेबलक्लॉथवरचं नक्षीकाम बघत होती. एकदा तिच्या वर्गावरून जाताना मी ऐकलं, एका मुलाने विचारलं, "बाई, मैदानात कधी जायचं?" आणि ती म्हणाली, "पान एकसष्ट उघडा." तिचा आवाज रागावलेला असता तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता थकलेला होता.

अश्विनी महिन्याभराने शाळेत आली. मागच्या बाकावर बसायला लागली. मी तिला मराठी शिकवायचे, म्हणून मला ते लवकर दिसलं. वर्गात कोणाची पट्टी खाली पडली की तिचे ओठ हलायचे. दार आपटलं की हलायचे. बाहेर ट्रकचा टायर फुटला, तेव्हा सगळी मुलं खिडकीकडे धावली आणि ही जागच्या जागी बसून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती. मी जवळ गेले. ती आकडे म्हणत होती. आवाज होऊन गेला होता, तरी ती मोजतच होती, कारण तिला आता कुठे थांबायचं ते समजत नव्हतं. दिवाळीत तिच्या आईने तिला कानात कापूस घालून आतल्या खोलीत बसवलं होतं, असं पुढे कळलं. मी हे शैलाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला माहीत आहे. माझ्या तासाला मी तिच्या ओठांकडे बघत नाही. बघितलं तर खडू हातातून पडतो... आणि खडू पडला की ती पुन्हा मोजते."

पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीआधी माझ्या आईने निरोप धाडला. तिला मी हे सगळं सांगत असायचे. तिचा निरोप असा, की त्या पोरीला आणि तिच्या आईला एक दिवस घरी जेवायला घेऊन ये, सोबत तुझ्या त्या मैत्रिणीलाही. शैला आधी नाहीच म्हणत होती. "मला बघितलं की तिला तेच आठवत असेल," ती म्हणायची. पण अश्विनीच्या आईनेच तिला फोन करून सांगितलं, "बाई, तुम्ही येणार असाल तर ती येईल म्हणते." मग तिचा इलाज चालला नाही.

आमच्या माहीमच्या घरी आईने सकाळपासून चूल आणि गॅस दोन्ही पेटवले होते. अश्विनीच्या आईला तिने दारातच धरलं. "ये गो बाय, आत ये. लाजतेस कशाला? तुजंच घर हाय. आमी पाव्हण्यांना असं सोडत नाय." तांदळाच्या भाकऱ्या आणि माशाचं कालवण झालं. खानदेशातल्या त्या माउलीला काटे काढता येईनात, तर आईने तिच्या ताटातला मासा स्वतः सोलून दिला. जेवणं झाल्यावर त्या दोघी ओटीवर बसल्या आणि मला आतपर्यंत रडण्याचा आवाज आला. इतक्या महिन्यांत त्या बाईला कोणापुढे मोकळेपणी रडायला मिळालं नसावं. मी, शैला आणि अश्विनी किनाऱ्यावर गेलो.

ओहोटी होती. वाळू पार लांबपर्यंत उघडी पडली होती. किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला माझा चुलतभाऊ रामदासदादा होडीच्या फळ्यांत खिळे ठोकत होता. आम्हाला तो बोटभर दिसत होता. त्याचा हात वर जायचा, खाली यायचा... आणि ठोका यायचा तेव्हा हात पुन्हा वर गेलेला असायचा. माझं लक्ष गेलं तेव्हा शैला आधीच थांबली होती. अश्विनीही थांबली होती. पोरीचा चेहरा पांढरा पडला होता आणि ओठ हलत होते. मला वाटलं, आता शैला तिला फिरवून घरी नेणार. मी स्वतः तेच केलं असतं. पण शैलाने तिचा हात धरला आणि म्हणाली, "चल. तिकडे जाऊ."

"नको, बाई."

"मोजू नकोस. नुसतं बघ आणि चालत राहा. मी हात सोडत नाही."

त्या दोघी चालायला लागल्या आणि मी मागे. हात खाली, ठोका वर. हात खाली, ठोका वर. जसजसं जवळ जात होतो तसतसा ठोका हाताच्या पाठोपाठ यायला लागला. मधली फट कमी होत होती, ती डोळ्यांना दिसत होती. शैला काही समजावत नव्हती. तिचा स्वतःचा श्वास जोरात चालला होता, आणि पोरीचा हात तिने इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी झाली होती. अजून जवळ गेलो. आणि मग एका जागी, नेमकं कुठे ते मला सांगता येणार नाही, ठोका हातोड्यात शिरला. हात खाली आला तेव्हाच आवाज. हात खाली, तेव्हाच आवाज. अश्विनी उभी राहिली. तिचे ओठ थांबले होते.

दादाने आमच्याकडे बघून हातोडा खाली ठेवला. "काय बगताव एवढं?" तो म्हणाला. "होडी हाय, सिनेमा नाय." शैलाने त्याच्याकडे हातोडा मागितला आणि तो अश्विनीच्या हातात दिला. "मार एकदा." पोरीने एका फळीवर हळूच मारला. मग जरा जोरात. मग आणखी. तिने किती वेळा मारला ते देव जाणे. दादाने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, तर त्याने तिला मारू दिलं. शेवटी दमून तिने हातोडा खाली ठेवला आणि विचारलं, "बाई, म्हणजे जो जवळ असतो त्याला लगेच ऐकू येतं?"

"हो."

"पप्पांना पण?"

शैला वाळूत तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिने पोरीचे दोन्ही खांदे धरले. "हो, बाळा. त्यांना वाट बघावी लागली नाही. उजेड, आवाज, सगळं एकदम. मधलं काही नव्हतंच त्यांच्यासाठी. मधलं सगळं तुझ्या वाट्याला आलं... आणि त्यात तुझा काही दोष नाही. तू मोजत होतीस कारण मी तुला मोजायला सांगितलं होतं."

अश्विनीने तिच्या गळ्यात हात टाकले. वडील गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली, असं तिची आई नंतर म्हणाली. दादा उठून पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. मीही समुद्राकडे बघत राहिले. त्या दिवशीचं ऊन, सुकत घातलेल्या बोंबिलांचा वास आणि ती रडणारी पोरगी... हे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

ती लगेच बरी झाली नाही. गोष्टीत होतं तसं काही झालं नाही. ओठ हलायचे, पण आता ते थांबायचेही. दहावीला ती चांगल्या मार्कांनी पास झाली. पुढे तिने रक्त तपासणीचा कोर्स केला आणि आता पालघरला एका लॅबमध्ये काम करते. शैलाला वाटलं होतं तशी ती मोठी शास्त्रज्ञ वगैरे झाली नाही, आणि शैलाला त्याचं कधी काही वाटलं नाही. शैलाने मात्र त्यानंतरच्या जूनमध्ये परात पुन्हा शाळेत आणली. फरक एवढाच, की ध्वनीच्या धड्याला ती मुलांना लांब उभं करून थांबायची नाही. मी परात वाजवत राहते, तुम्ही चालत माझ्यापर्यंत या, असं सांगायची. घरून मोजून आणायचा अभ्यास तिने पुन्हा कधी दिला नाही. मुलं मैदानभर तिच्या दिशेने चालत यायची आणि जवळ आल्यावर हसत सुटायची. तीही हसायची. पण माझी तिच्याशी ओळख जुनी होती, म्हणून मला दिसायचं की ती त्या घोळक्यात प्रत्येक वेळी कोणाला तरी शोधत असते.

ते तिच्यातून गेलं नाही. मला वाटायचं गेलं. पण परवा तिच्या घरी भेटायला गेले तेव्हा भाऊजी म्हणाले, "दिवाळीत ती खिडक्या लावून घ्यायची आणि फराळाचं निमित्त करून मिक्सर लावून बसायची. रिकामा मिक्सर, हेमाताई. मी विचारलं तर म्हणायची, तुम्ही झोपा." त्यांच्या घरात अजून तिचा चष्मा टीव्हीजवळ आहे, चप्पल दाराशी आहे. गेल्या वर्षी तिचं हृदय कमजोर झालं. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं. शेवटचे काही आठवडे ती अंथरुणालाच होती. अश्विनी कामावरून सुटली की तिच्याकडे यायची. भाऊजी म्हणाले, दोघी फारसं बोलायच्या नाहीत. एकदा मात्र शैलाने तिला विचारलं होतं, "अजून मोजतेस का गं?" अश्विनी म्हणाली, "कधी कधी." शैला म्हणाली, "मी पण." आणि मग दोघी खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. शैला गेली त्या सकाळी अश्विनी तिथेच होती. तिचा हात शैलाच्या हातात होता. भाऊजी म्हणाले, "ती अगदी जवळ होती. तिला लगेच कळलं, मी चहा टाकायला आत गेलो होतो..."

आमच्या शाळेच्या नव्या इमारतीत जिन्याच्या मधोमध वरच्या मजल्यापासून खालपर्यंत मोकळी जागा आहे. निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी शैलाने भंगारवाल्याकडून लोखंडी वजन आणलं आणि वरच्या कठड्याला दोर बांधून ते खाली सोडलं, जमिनीपासून वीतभर वर. मुलांना लंबक नुसता चित्रात नको, अंगावरून गेलेला कळायला हवा, असं तिचं म्हणणं. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ती त्याला एक झोका द्यायची. मुलं दप्तरं घेऊन त्याला वळसा घालून वर्गात जायची. ती निवृत्त झाली, पण तो कोणी काढला नाही. धूळ बसून तो नुसता लटकत असायचा.

माझी पालघरची बस लवकर येते, त्यामुळे सकाळी फाटक उघडल्यावर आत जाणारी मीच पहिली असते. ती गेल्यानंतरच्या आठवड्यात मी जिन्याशी आले तर लंबक हलत होता. मोठा, संथ झोका... एका टोकाला जाऊन जरासा थबकायचा आणि परत यायचा. वाटलं, वारा असेल. पण ते वजन वाऱ्याने हलणारं नाही. दुसऱ्या दिवशीही हलत होता, आणि त्याच्यानंतरही. वॉचमनला विचारावं म्हणून मी दोनदा फाटकाकडे वळले आणि दोन्ही वेळा परत आले. कोणी मुलगा कुंपणावरून येऊन हे करत असेल, वॉचमन स्वतःच करत असेल. मला ते कळून घ्यायचं नाही. मी पर्स खाली ठेवते आणि जिन्याच्या खालच्या कठड्याला धरून उभी राहते. वजन माझ्या पावलांजवळून जातं, साडीच्या काठाला त्याचा वारा लागतो. मग मुलांचा गलबला ऐकू यायला लागतो, आणि मुलं आत यायच्या आधी मी बाजूला होते, लंबकाला जायला जागा देते.